काडीमोड ते कलम १३ : वकिलाशिवाय घटस्फोटाचा इतिहास

"वकील न लावता घटस्फोट मिळतो का?" आमच्या शिरगाव-पालघर-बोईसर पट्ट्यात हा प्रश्न कायद्याच्या विद्यार्थ्यापेक्षा एमआयडीसीत शिफ्ट करणारा माणूस जास्त विचारतो. कोर्टाची तारीख म्हणजे त्याचा एक दिवसाचा पगार गेला आणि वर वकिलाची फी. एका ओळीत उत्तर द्यायचं तर, हो, मिळतो. पण संशोधनाच्या विद्यार्थ्याने तिथे थांबू नये. आपला प्रश्न वेगळा हवा : घटस्फोटासाठी वकील लागतो, ही समजूत आपल्याकडे आली कधी? कारण दोनशे वर्षं मागे गेलं तर महाराष्ट्रातल्या बहुसंख्य जातींमध्ये नवरा-बायको वेगळे होत होते आणि त्यात ना वकील होता, ना कोर्ट.

मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून मग कायद्याच्या इतिहासाकडे वळले. त्यामुळे आधी नमुना बघायची सवय आहे. इथे पहिला नमुना म्हणजे शब्द.

शब्दांत दडलेला इतिहास

मराठीत या गोष्टीला किमान चार शब्द आहेत. काडीमोड म्हणजे संबंध तुटल्याची खूण म्हणून चारचौघांसमोर काडी मोडणं. सोडचिठ्ठी म्हणजे बाईला मोकळं केल्याची चिठ्ठी. फारकत हा शब्द फारखत, म्हणजे मोकळीक दिल्याचा कागद, यातून आला. देण्याघेण्याचा हिशोब मिटल्यावरही फारखतच लिहून देत. हे तिन्ही शब्द रोजच्या व्यवहारातले आहेत. त्यांत कागद आहे, साक्षीदार आहेत, देणंघेणं आहे, पण न्यायाधीश नाही.

चौथा शब्द घटस्फोट, आणि त्याची गंमत बघा. धर्मशास्त्रात घटस्फोट हा लग्न मोडण्याचा विधी नव्हताच. पतित ठरवलेल्या माणसाला जातीबाहेर टाकताना पाण्याने भरलेला घडा लाथेने उलटवायचा, तो हा विधी. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात तो आला आहे. म्हणजे आज आपण कोर्टाच्या डिक्रीसाठी जो शब्द वापरतो, तो मुळात बहिष्काराचा शब्द आहे. ज्या वरच्या जातींत लग्न मोडणं मान्यच नव्हतं, तिथली भाषा पुढे सगळ्यांच्या कायद्याची भाषा झाली. काडीमोड मागे पडली आणि घटस्फोट छापला गेला. एका शब्दाचा हा प्रवास म्हणजे एका शोधनिबंधाचा विषय आहे.

कंपनी सरकार रूढी विचारतं

१७३९ च्या मोहिमेत मराठ्यांनी वसई जिंकली, तेव्हा आमच्या शिरगावच्या किल्ल्यासकट हा किनारा पोर्तुगिजांकडून पेशव्यांकडे आला. १८१८ नंतर कंपनी सरकारचा अंमल बसला. नव्या सरकारपुढे साधी अडचण होती : न्याय कुठल्या कायद्याने करायचा? १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन ४ च्या कलम २६ ने क्रम लावून दिला. आधी पार्लमेंटचे कायदे आणि सरकारची रेग्युलेशनं, ती नसतील तर देशरिवाज, तोही नसेल तर प्रतिवादीचा कायदा, आणि शेवटी न्याय, समन्याय आणि सद्सद्विवेक.

देशरिवाज मानायचा तर तो माहीत हवा. म्हणून एल्फिन्स्टनच्या काळात आर्थर स्टीलने दख्खनच्या जातींच्या रूढी गोळा केल्या. १८२७ साली ते संकलन छापलं गेलं, १८६८ मध्ये पुन्हा निघालं. लग्न, पाट, सोडचिठ्ठी, दत्तक, वारसा, सगळं जातवार. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा : स्टीलला माहिती दिली ती शास्त्र्यांनी आणि जातींच्या पुढाऱ्यांनी. ज्या बाईला सोडचिठ्ठी मिळाली किंवा मिळाली नाही, तिला कोणी विचारलं असेल अशी अपेक्षा ठेवू नका. स्रोत वाचताना "काय लिहिलंय" याच्या आधी "कोणाला विचारून लिहिलंय" हे बघायचं.

१८७६ : जातीची परवानगी पुरेशी नाही

रूढी कागदावर आली की तिचा न्यायनिवाडाही होऊ लागतो. मुंबई हायकोर्ट १८६२ साली सुरू झालं, त्याच वर्षी भारतीय दंडविधान अमलात आलं. त्यातलं कलम ४९४ म्हणजे पहिला जोडीदार हयात असताना दुसरं लग्न करण्याचा गुन्हा. १८६४ चा करसन गोजा खटला आणि १८७६ चा सांभू रघू खटला, दोन्हींत मुद्दा साधारण एकच : नवरा जिवंत आहे, त्याने सोडलेलं नाही, पण जातीने परवानगी दिली म्हणून बाईने दुसरं लग्न केलं. हे लग्न खरं का?

हायकोर्टाचं उत्तर होतं, नाही. लग्न रद्द ठरवण्याचा किंवा बाईला पुनर्विवाहाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार कोर्ट मानणार नाही. १८७६ च्या निकालात पुढे असंही म्हटलं की जातीच्या संमतीने लग्न वैध झालं असं प्रामाणिकपणे वाटलं, हा ४९४ खाली बचाव होऊ शकत नाही.

हा निकाल नीट उलगडून बघायला हवा. दोघांच्या संमतीने सोडचिठ्ठी देण्याची रूढी कोर्टांनी सरसकट नाकारली नाही. नाकारली ती पंचांची एकतर्फी सत्ता. आता ही सत्ता काही फार न्यायी होती असं नाही. पंच पैसे घ्यायचे, दंड ठोकायचे, वाळीत टाकायचे. पण नवरा सोडचिठ्ठी द्यायला तयार नसेल तर बाईला जाण्यासारखा तो एक दरवाजा होता. तो बंद झाला आणि त्याच्या जागी कोर्टाचा दरवाजा मात्र उघडला नाही, कारण हिंदूंसाठी घटस्फोटाचा लेखी कायदाच तेव्हा नव्हता.

रखमाबाईंचं प्रकरण याच पोकळीतलं. १८८४ मध्ये दादाजी भिकाजींनी बायकोने नांदायला यावं म्हणून दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला, १८८६ मध्ये अपिलात तो फिरला, आणि मार्च १८८७ मध्ये हुकूम झाला : नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. दोन्ही बाजूंना नामांकित बॅरिस्टर होते. शेवट मात्र १८८८ मध्ये कोर्टाबाहेर झाला. दोन हजार रुपयांवर दादाजींनी हक्क सोडला. देशभर गाजलेला खटला अखेर पैसे देऊन मोकळीक घेण्यावर मिटला. आणि घटस्फोट तर तेव्हाही झाला नाही.

१९३१ ते १९७६ : कायदा येतो

संस्थानं यात पुढे होती. शाहू महाराजांच्या कारकिर्दीत कोल्हापुरात काडीमोडीला लेखी कायद्याची चौकट मिळाली. बडोद्यात सयाजीरावांच्या काळात १९३१ मध्ये हिंदू घटस्फोट कायदा झाला. मुंबई प्रांताने १९४७ मध्ये आपला कायदा केला. मग १९५५ चा हिंदू विवाह कायदा देशभर आला. १९७६ च्या दुरुस्तीने त्यात १३-ब कलम घातलं : दोघांची संमती, किमान एक वर्ष वेगळं राहणं, संयुक्त अर्ज आणि सहा महिन्यांनी पुन्हा कोर्टासमोर येऊन तेच सांगणं. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने हे सहा महिने योग्य प्रकरणात माफ करता येतील असं ठरवलं.

१३-ब कडे इतिहासाच्या नजरेने बघितलं तर ती काडीमोडच आहे. दोघं तयार आहेत, देणंघेणं ठरलंय, साक्षीला चार लोकांऐवजी न्यायाधीश आहे, आणि काडीच्या जागी डिक्री.

या कायद्यातली दोन कलमं पालघरच्या विद्यार्थ्याने पाठच करावीत. कलम २९(२) म्हणतं की रूढीने मिळणारा घटस्फोटाचा हक्क या कायद्याने जात नाही. म्हणजे काडीमोड अजून जिवंत आहे, पण अट अशी की तशी रूढी आपल्या समाजात आहे हे कोर्टात मांडून सिद्ध करावं लागतं. म्हणून "स्टॅम्पपेपरवर नोटरी करून सोडचिठ्ठी दिली, झालं" हे धोक्याचं आहे. रूढी सिद्ध झाली नाही तर त्या कागदाला किंमत नाही, आणि त्यावर विसंबून दुसरं लग्न केलं तर गुन्हा. जुनं कलम ४९४ आता भारतीय न्याय संहितेत कलम ८२ झालंय. "आम्हाला वाटलं चालतं" हे उत्तर १८७६ मध्येही चाललं नव्हतं.

१९८४ : वकिलाला हक्क नाही असं कोर्ट

आता मूळ प्रश्नाकडे. दिवाणी दाव्यात पक्षकाराने स्वतः उभं राहण्याला बंदी कधीच नव्हती; दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ३ मध्ये ते आहेच. पण १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याने त्याच्या पुढचं पाऊल टाकलं. त्याचं कलम १३ म्हणतं की कोणत्याही पक्षकाराला हक्क म्हणून वकील लावता येणार नाही. गरज वाटली तर कोर्ट स्वतः कायदेतज्ज्ञाची मदत घेईल. कल्पना अशी होती की घरचं भांडण उलटतपासणीने मिटत नाही. समुपदेशक असावा, भाषा सोपी असावी, बाईला स्वतःची बाजू स्वतः सांगता यावी. महाराष्ट्रात पुणे आणि मुंबई इथे १९८९ मध्ये अशी कोर्टं सुरू झाली.

प्रत्यक्षात काय झालं? महाराष्ट्राच्या नियमांत वकिलासाठी परवानगी मागायची सोय ठेवली होती : कायद्याचा गुंता असेल, किंवा पक्षकाराला आपली केस नीट चालवता येणार नसेल, तर कोर्ट परवानगी देऊ शकतं. अपवाद म्हणून ठेवलेली ही खिडकी हळूहळू मुख्य दार झाली. याला केवळ वकिलांचा दबाव म्हणून मोकळं होऊ नका. संमतीचा अर्ज वकिलाशिवाय सहज होतो. पण पोटगी, मुलांचा ताबा, लपवलेलं उत्पन्न असे वाद आले आणि समोरचा माणूस शिकलेला, पैसेवाला असला, की "दोघंही वकिलाशिवाय" ही समानता कागदावरच राहते. म्हणूनच १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा इथे जोडून वाचावा. त्याच्या कलम १२ प्रमाणे महिला, अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना मोफत वकील मिळू शकतो. म्हणजे बोईसरच्या कारखान्यातल्या कामगारापुढे "फी भरा किंवा एकटे उभे राहा" एवढे दोनच पर्याय नाहीत.

ज्यांच्यासाठी कायदाच नाही

आणि आता पालघरचा खरा प्रश्न. हिंदू विवाह कायद्याचं कलम २(२) सांगतं की केंद्र सरकारने अधिसूचना काढल्याशिवाय हा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही. म्हणजे या जिल्ह्यातल्या वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी अशा जमातींच्या माणसासाठी १३ किंवा १३-ब हा सरळ रस्ता नाही. त्यांचं लग्न रूढीने होतं; वारल्यांमध्ये लग्न लावते ती धवलेरी. तेव्हा मोडतंही रूढीनेच, पंचांसमोर, देणंघेणं मिटवून. वकिलाशिवायचा घटस्फोट इथे कधी बंदच पडला नव्हता.

मग अडचण कुठे येते? कागदाशी गाठ पडली की. वारसाहक्क, पेन्शन, रेशनकार्डावरचं नाव, दुसऱ्या लग्नाची नोंद. तिथे "पंचांनी सोडवलं" याचा पुरावा मागतात. तो नसेल तर दिवाणी कोर्टात रूढी सिद्ध करून जाहीरनाम्याचा दावा करावा लागतो, आणि तो वकिलाशिवाय चालवणं १३-ब पेक्षा कितीतरी अवघड. २००१ मध्ये एका आदिवासी स्त्रीच्या द्विभार्या तक्रारीत सुप्रीम कोर्टाने म्हटलं की दुसऱ्या लग्नाला मनाई करणारी रूढी तिने सिद्ध करायला हवी होती. ती सिद्ध झाली नाही, तक्रार गेली. उलट २०२१ मध्ये दिल्ली हायकोर्टाने, हिंदू रीतीने लग्न केलेल्या मीणा समाजातल्या जोडप्याला हिंदू विवाह कायदा लागू धरला. म्हणजे मुद्दा अजून सुटलेला नाही.

त्यात आणखी दोन कायदे येतात. १९९६ चा पेसा कायदा ग्रामसभेला रूढीने वाद मिटवण्याची पद्धत जपण्याचा अधिकार देतो. पालघर तालुक्याचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात आहे. दुसरीकडे महाराष्ट्राचा २०१६ चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंध कायदा पंचांनी कुणाला वाळीत टाकलं तर तो गुन्हा ठरवतो. एक कायदा पंचांना जागा देतो, दुसरा त्यांच्या हातातली काठी काढून घेतो. दोन्ही रास्त आहेत, आणि दोन्हींच्या मध्ये ती बाई उभी आहे जिला फक्त एक मान्य होणारा कागद हवाय.

संशोधनासाठी काय घ्यायचं

प्रयोगशाळेत आपण म्हणतो, उपकरणाला दिसलं नाही म्हणजे पदार्थ नाही असं नव्हे. तो डिटेक्शन लिमिटच्या खाली असेल. कोर्टाचं दफ्तर हे तसंच उपकरण आहे. ते फक्त भांडण टिपतं. दोघं समजुतीने वेगळे झाले, काडी मोडली, पैसे फिटले, की नोंद शून्य. म्हणून लॉ रिपोर्टवरून "त्या काळी घटस्फोट क्वचित होत" असा निष्कर्ष काढला तर तो उपकरणाचा निष्कर्ष झाला, समाजाचा नाही.

यावर उपाय म्हणजे वेगवेगळी उपकरणं लावणं. १८८२ चं ठाणे गॅझेटियर (तेव्हा हा भाग माहीम तालुक्यात होता) जातवार पुनर्विवाहाच्या नोंदी देतं. सायमिंग्टनचा १९३९ चा अहवाल आणि के. जे. सावे यांचं १९४५ चं वारल्यांवरचं पुस्तक सरकारी नजरेतून बघतं. गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' लग्नासाठी कर्ज काढून सावकाराकडे राबणाऱ्या लग्नगड्याची गोष्ट सांगतं. लग्न जुळण्याची किंमत कळली तरच ते मोडण्याची कळते. आणि शेवटी गावातल्या म्हाताऱ्या बायकांशी बोलणं आहेच, नीट संमती घेऊन आणि नावं बदलून.

पीएच.डी.च्या मुलाखतीत "तुमचा रिसर्च गॅप काय?" असं विचारतात. पालघरपुरता एक मी सांगते, हवा त्याने घ्यावा : गेल्या पन्नास वर्षांत पंचांसमोर सुटलेल्या लग्नांचा कागद सरकारी कचेरीत कुठे मानला गेला, कुठे परत पाठवला गेला, आणि परत आलेल्या कागदाचं त्या बाईने पुढे काय केलं. हे काम लायब्ररीत बसून होणार नाही. तलासरी, डहाणू, जव्हारच्या एसटीत बसावं लागेल.