नरसी ते घुमान

विद्यार्थ्यांस परदेशी शैक्षणिक सहलीस नेण्याची प्रथा अलीकडे आपल्या नगरांतून बरीच रूढ झाली आहे. जेथे जावे तेथील इतिहास, भाषा व लोकरीती यांचा परिचय व्हावा, असा हेतू तिच्या मुळाशी असतो, आणि तो उत्तम आहे. परंतु असा परिचय होतो कसा, हा प्रश्न सोपा नाही. आठ दिवसांत पाच शहरे पाहून आलेल्या मुलास तेथील राजवाड्याची उंची सांगता येते. तेथील मनुष्य आपल्या देवास कोणत्या नावाने हाक मारतो, हे सांगता येत नाही. सातव्या शतकात चीनमधून निघालेला ह्युएनत्संग इ. स. ६२९ पासून ६४५ पर्यंत प्रवासात होता. नालंद्यास राहून तो संस्कृत शिकला, आणि परत जाताना त्याने ६५७ ग्रंथ बरोबर नेले. त्याने महाराष्ट्राविषयी जे लिहून ठेविले, त्यास आजही इतिहासकार मान देतात, याचे कारण हेच.

परंतु असे उदाहरण शोधण्यासाठी चीनपर्यंत जाण्याचे कारण नाही. हिंगोली जिल्ह्यात कयाधू नदीच्या काठी नरसी म्हणून एक गाव आहे. संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून त्याची ख्याती आहे. जन्मस्थानाविषयी विद्वानांत एकमत नाही. कोणी पंढरपूर म्हणतात, कोणी कऱ्हाडकडे बोट दाखवितात. तथापि नरसी-बामणी हे नाव परंपरेत दृढ आहे, आणि जवळच औंढा नागनाथाचे देवालय असल्यामुळे नामदेवचरित्रातील दोन मोठे प्रसंग याच प्रदेशाशी निगडित झाले आहेत. येथून निघालेल्या या शिंप्याच्या मुलाचे नाव पंजाबात, गुरुदासपूर जिल्ह्यातील घुमान या गावी, आजही आदराने घेतले जाते. दोन गावांत सुमारे हजार मैलांचे अंतर आहे. राज्य एक नव्हते, भाषा एक नव्हती, लिपीही एक नव्हती. चौदाव्या शतकातील मनुष्यास तो परदेशच होता.

काळही साधा नव्हता. नामदेवांचा जन्म इ. स. १२७० चा मानितात व समाधी १३५० ची. त्यांच्या ऐन तारुण्यात, १२९६ साली, दोन गोष्टी घडल्या: आळंदीस ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली, आणि अल्लाउद्दीन खिलजीने देवगिरीवर पहिली स्वारी केली. पुढे पंचवीस वर्षांच्या आत यादवांचे राज्य नामशेष झाले. ज्ञानेश्वरांबरोबर नामदेवांनी उत्तरेची तीर्थयात्रा केली होती, असे तीर्थावळीच्या अभंगांत वर्णन आहे. पुढे उत्तरायुष्यात ते पुन्हा उत्तरेकडे गेले व पंजाबात दीर्घकाळ राहिले, असे परंपरा सांगते.

येथे चिकित्सक वाचक विचारील की, पंजाबातील भगत नामदेव आणि आमचे नामदेव एकच कशावरून? ही शंका यापूर्वीही विद्वानांनी घेतली आहे, आणि ती निरर्थक नाही. महाराष्ट्रातच नामदेवांच्या गाथेत सोळाव्या शतकातील विष्णुदास नामा याची रचना मिसळली आहे. मग इतक्या दूर अंतरावर नावाचा घोटाळा का होऊ नये? याचे उत्तर श्रद्धेने न देता पुराव्याने दिले पाहिजे.

इ. स. १६०४ मध्ये गुरू अर्जुनदेवांनी आदिग्रंथाचे संकलन केले. त्यात नामदेवांच्या नावाची ६१ पदे आहेत. त्यांची भाषा उत्तरेकडील संतभाषा असली, तरी तीत आपला मराठी षष्ठीचा ‘चे’ हा प्रत्यय जागजागी डोकावतो. देवाचे नाव ‘बीठल’ असे येते. आणि विठ्ठल हे पंजाबी माणसाच्या तोंडी सहज येणारे नाव नव्हे. कवी आपला धंदाही लपवीत नाही: सुई, दोरा, गज, कात्री यांवर तो रूपके रचितो. सर्वांत महत्त्वाचा पुरावा एका कथेचा आहे. हीन जातीचा म्हणून पूजाऱ्यांनी भक्तास देवळातून उठविले, तो देवळाच्या मागे जाऊन बसला, आणि देऊळच त्याच्याकडे फिरले, असे एका पदात वर्णिले आहे. हीच कथा औंढ्यास आजही सांगतात, आणि देवळामागील नंदीकडे खूण म्हणून बोट दाखवितात. देऊळ खरोखर फिरले की नाही, हा इतिहासाचा प्रश्न नव्हे. मराठवाड्यातील एका देवळाची कथा पंजाबच्या धर्मग्रंथात जाऊन बसली, ही मात्र ऐतिहासिक वस्तुस्थिती आहे. एवढ्यावरून नामदेव घुमानला किती वर्षे राहिले हे सिद्ध होत नाही. परंतु ती वाणी मराठी मुळाची आहे, याविषयी आम्हांस तरी संशय वाटत नाही.

आता दुसरी बाजू पाहा. तिलंग रागातील एका पदात ईश्वरास ‘करीम’, ‘रहीम’ अशी संबोधने आहेत. पंढरीच्या वाळवंटात ही नावे शिकावयास मिळत नाहीत. ज्या लोकांत राहावयाचे, त्यांचे शब्द उचलावयाचे, आणि त्या शब्दांत आपला विठ्ठल सांगावयाचा, अशी ही रीत आहे. औंढ्यासच विसोबा खेचरांनी नामदेवांस देव सर्वत्र असल्याचा बोध केला, अशी कथा आहे. तो धडा पाठ झाला होता, याची साक्ष ही पदे देतात. पंजाबाने नामदेवांस घेतले आणि नामदेवांनी पंजाबास घेतले. या देवघेवीलाच आम्ही परदेशचे शिक्षण म्हणतो.

विद्यार्थ्यांच्या सहलीस यातून मिळणारा पहिला धडा असा की, जो आपले गाव घेऊन निघतो तोच दुसऱ्याचे गाव जाणतो. हिंगोलीकडील मुलास हे फार काळ दुर्लभ होते. निजामाच्या राज्यात उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते; १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात मराठी घरातील मुलास आपल्याच प्रांताचा इतिहास परभाषेतून शिकावा लागे. १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ निघाले, १९९४ साली नांदेडास स्वतंत्र विद्यापीठ झाले, आणि १ मे १९९९ रोजी हिंगोली हा वेगळा जिल्हा झाला. आता माध्यमाची सबब उरली नाही. तरी औंढ्याचे देऊळ सहलीच्या कार्यक्रमात अर्ध्या तासाचे असते!

त्या देवळापुढे अर्धा दिवस काढावा. खालचा भाग यादवकालीन, घडीव दगडाचा, हत्ती-घोड्यांच्या व मूर्तींच्या पट्टांनी भरलेला. वरचा भाग उत्तरकालीन, निराळ्या घडणीचा. विध्वंस व जीर्णोद्धार या दोन्हींची नोंद एकाच भिंतीवर आहे. अरुंद पायऱ्यांनी तळघरातील लिंगापर्यंत उतरलेल्या मुलास पुढे एखाद्या परदेशी मंदिराचे थर वाचता येतील, आणि कोठे मूळ संपते व कोठे डागडुजी लागते, हे तो न सांगता ओळखील.

दुसरा धडा भाषेचा. एप्रिल २०१५ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरले, अध्यक्षस्थानी डॉ. सदानंद मोरे होते. त्या निमित्ताने पुष्कळ मराठी मंडळींनी प्रथमच त्या गावी पाऊल टाकिले. हा उपक्रम अभिनंदनीय होता. परंतु त्यांपैकी कितीजणांनी परतल्यावर ती ६१ पदे वाचली असतील? नामदेवांचे अभंग आपण घरोघरी म्हणतो. त्यांची पंजाबात गायली जाणारी वाणी आपल्या अभ्यासक्रमांत अद्याप पाहुणीच आहे. एकाच कवीचे अर्धे वाचून आपण स्वस्थ बसलो आहो.

आमची सूचना साधी आहे. ज्या शाळांस विद्यार्थी दूरदेशी न्यावयाचे असतील, त्यांनी प्रथम नरसी व औंढा येथे दोन दिवस मुक्काम करावा. मग घुमानला जाऊन तेथील एखाद्या वृद्धाकडून एक पद अर्थासह शिकून यावे. त्यानंतर लंडन असो की जपान, मुलाच्या हाती काही देण्यासारखे असेल, आणि जो काही देतो त्यास यजमान घरातील आतली खोलीही दाखवितो.