एका शब्दाचा फरक

१६ जून १९०२ रोजी बर्ट्रांड रसेलने येना येथील गॉटलोब फ्रेगेला जर्मन भाषेत एक पत्र लिहिले. पत्रात फ्रेगेच्या कामाविषयी मनःपूर्वक आदर होता आणि केवळ एका ठिकाणी आपण अडखळलो, असे सांगून मांडलेली एक अडचण होती. अंकगणित हे शुद्ध तर्कातूनच निष्पन्न होते, हे दाखविण्यात फ्रेगेची वीसहून अधिक वर्षे गेली होती. त्याच्या 'अंकगणिताचे मूलनियम' या ग्रंथाचा पहिला खंड १८९३ साली निघाला होता, दुसरा छापखान्यात होता. त्या अडचणीने ग्रंथातला पाचवा मूलनियम निकामी केला, आणि त्यावर उभे असलेले बांधकामही.

ही अडचण साहित्याच्या विद्यार्थ्याला ग्रंथालयाच्या भाषेत सांगता येईल. काही ग्रंथसूची स्वतःचीही नोंद आपल्यात करतात, काही करीत नाहीत. ज्या करीत नाहीत अशा सर्व सूचींची, आणि केवळ त्यांचीच, आता एक सूची करावयाची आहे. तिने स्वतःची नोंद घ्यावी काय? घेतली तर ती अपात्र ठरते, न घेतली तर पात्र. अशी सूची होऊच शकत नाही, असे म्हणून ग्रंथपाल मोकळा होईल. फ्रेगेला ती सोय नव्हती. कोणताही गुणधर्म सांगा, त्याने एक संच ठरतोच, अशी मुभा त्याच्याच पाचव्या नियमाने देऊन ठेवली होती.

फ्रेगेचे उत्तर सहाव्या दिवशी, २२ जूनला गेले. आपल्याला धक्का बसल्याची त्यात कबुली आहे, आणि हा शोध तर्कशास्त्राच्या प्रगतीला उपकारक ठरेल अशी आशाही. दुसरा खंड १९०३ साली बाहेर पडला तो ही विसंगती उघडपणे मांडणाऱ्या परिशिष्टासह. १९६२ साली वृद्ध रसेलने त्या प्रसंगाची आठवण काढली आणि सत्यनिष्ठेचे याच्या तोडीचे उदाहरण आपल्याला ठाऊक नाही, असे लिहिले. आम्हांलाही ते सहजी आठवत नाही. परिशिष्टात सुचविलेली डागडुजी पुढे टिकली नाही, हा भाग वेगळा.

स्वतःकडेच बोट दाखविणारे वाक्य मात्र फार जुने. क्रीटचे लोक सदा खोटे बोलतात, असे क्रीटच्याच एपिमेनिडीसने म्हटले, ही कथा सर्वश्रुत आहे. बायबलमधील तीताला लिहिलेल्या पत्रात हे विधान येते, पण त्यातला पेच पत्रलेखकाच्या लक्षात आलेला दिसत नाही. तसे पाहता तो पुरता पेच नव्हेच. एपिमेनिडीस खोटे बोलला आणि दुसरा कोणी क्रीटवासी कधी काळी खरे बोलला, एवढे मानले की सुटका होते. खरी कोंडी होते ती 'हे वाक्य खोटे आहे' अशा रूपात. परंपरा त्याचे श्रेय इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातील युबुलिडीसला देते. आपल्याकडे भर्तृहरीने 'वाक्यपदीया'च्या तिसऱ्या कांडात 'मी बोलतो ते सर्व खोटे' या उक्तीचा विचार केला आहे. असे म्हणणाऱ्याला स्वतः ते वाक्य त्या 'सर्वां'त अभिप्रेत नसते, असा त्याचा निर्वाळा. वक्त्याच्या विवक्षेवर बोट ठेवणारे हे उत्तर वैयाकरणाला शोभते.

रसेलने पुढे जे केले ते तत्त्वतः याहून फार दूर नाही. विवक्षेच्या जागी त्याने कायदा आणला. विधानांना आणि संचांना पायऱ्या ठरवून द्यायच्या, आणि कोणीही आपल्याच पायरीविषयी बोलायचे नाही. व्हाइटहेडसह लिहिलेला 'प्रिन्सिपिया मॅथेमॅटिका' (१९१०-१३) या कायद्यावर उभा आहे. एक अधिक एक म्हणजे दोन, या गोष्टीच्या जवळपास पोचायला त्यात साडेतीनशेहून अधिक पाने लागतात. असो.

डाव्हिड हिल्बर्टची महत्त्वाकांक्षा आणखी मोठी होती. गणित ठराविक चिन्हे व नियम यांच्या व्यवस्थेत बसवावे आणि तीतून विसंगती कधीही निघणार नाही, हे निःशंक साधनांनी सिद्ध करावे, असा त्याचा कार्यक्रम होता. ८ सप्टेंबर १९३० रोजी आपल्या जन्मगावी, क्योनिग्जबर्गला केलेल्या भाषणात त्याने अज्ञेयवादाला ठाम नकार दिला: आम्हांला कळलेच पाहिजे, आणि कळेलच. ते शब्द पुढे त्याच्या समाधीवर कोरले गेले. पण त्याच शहरात, आदल्याच दिवशी, एका परिषदेच्या अखेरच्या चर्चेत कुर्ट गोडेल नावाच्या चोवीस वर्षांच्या तरुणाने दोन-चार वाक्यांत या आशेचा पाया काढून घेतला होता. कादंबरीकाराने असा योगायोग घातला असता तर समीक्षकांनी त्याला सोडले नसते. उपस्थितांपैकी जॉन फॉन नॉयमनला मात्र त्या वाक्यांचे वजन तत्काळ कळले.

गोडेलने काय केले? त्याने जुन्या लबाडाचे वाक्य घेतले आणि त्यातला एक शब्द बदलला. 'खोटे' या जागी 'असिद्ध' आले: या वाक्याला या व्यवस्थेत सिद्धता नाही. व्यवस्था विसंगत नसेल, तर या वाक्याची सिद्धता तिच्यात असूच शकत नाही. म्हणजे वाक्य सांगते तेच घडते, आणि ते खरे असूनही असिद्ध राहते. विरोधाभास उरला नाही, त्याचे प्रमेय झाले.

रसेलचा कायदा आड आला नाही, याचे कारण आम्हांला या साऱ्या इतिहासाचा गाभा वाटते. गोडेलने प्रत्येक चिन्हाला एक अंक दिला आणि मूळ संख्यांच्या घातांचा गुणाकार करून प्रत्येक सूत्राची व प्रत्येक सिद्धतेची एकेक संख्या केली. 'अमुक सूत्राची ही सिद्धता आहे' हे विधान आता दोन संख्यांमधल्या संबंधाचे विधान झाले. वरकरणी वाक्य केवळ बेरीज-गुणाकाराविषयी बोलते, कोणतीही पायरी ओलांडत नाही, आणि तरीही स्वतःविषयी बोलते. म्हणजे स्वसंदर्भ हा भाषेचा चाळा नसून मोजण्यातच दडलेला होता. त्यावर बंदी घालायची तर अंकगणितच सोडावे लागेल.

साहित्यचर्चेत या प्रमेयाची जी ओढाताण होते तिच्याविषयी दोन शब्द. सत्य अप्राप्य आहे, किंवा कोणतीच संहिता स्वतःत पूर्ण नसते, असे गोडेलने सिद्ध केले, असे सर्रास लिहिले जाते. रेजिस दब्रेने तर समाजाच्या घडणीलाच हे प्रमेय लावले. त्यावर सोकाल आणि ब्रिकमाँ यांनी १९९७ च्या पुस्तकात टीका केली ती आम्हांला रास्त वाटते. कविता ही गृहीतकांची व्यवस्था नव्हे. शिवाय प्रमेय सत्याला नाकारीत नाही. सत्य आणि सिद्धता या दोन गोष्टी आहेत, एवढेच ते सांगते. एका व्यवस्थेत असिद्ध राहिलेले विधान अधिक समर्थ व्यवस्थेत सिद्ध होऊ शकते. १९३६ साली गेर्हार्ड गेन्ट्झेनने अंकगणिताची सुसंगतता सिद्ध केली, मात्र हिल्बर्टला अपेक्षित होती त्यापेक्षा मोठी साधने वापरून.

गोडेलचा निबंध १९३१ साली प्रसिद्ध झाला. शीर्षकाच्या शेवटी रोमन आकड्यात 'एक' असे छापलेले आहे, कारण तपशीलवार सिद्धतांचा दुसरा भाग लिहायचा त्याचा बेत होता. पहिलाच भाग लोकांना इतका चटकन पटला, की दुसरा त्याने कधी लिहिलाच नाही.