कारिनीचे नाव, यीरोवेत्सचा मान

न्यूमोसिस्टिस या बुरशीचा जन्मदाखला म्हणावा असा कागद 1912 सालचा आहे. पॅरिसच्या विज्ञान अकादमीच्या कार्यवृत्तात त्या वर्षी एक लहानसे टिपण छापून आले. लिहिणारे पाश्चर इन्स्टिट्यूटमधले दलानोए दांपत्य. उंदरांच्या फुप्फुसात काही गोल कोष सापडत होते आणि प्रत्येकाच्या पोटात आठ बारीक कण दिसत. हे कोष ट्रिपॅनोसोमा या रक्तातल्या परजीवीच्या जीवनचक्राचा एक टप्पा आहेत, अशी तेव्हा समजूत होती. दलानोएंनी पॅरिसचे उंदीर तपासले. ज्यांच्या रक्तात ट्रिपॅनोसोमाचा मागमूस नव्हता अशा उंदरांच्या फुप्फुसांतही त्यांना तेच कोष मिळाले. मग हा जीव वेगळाच, असे म्हणून त्यांनी त्याला न्यूमोसिस्टिस कारिनी हे नाव दिले.

या टिपणाच्या एका लेखकाचे नाव पुढच्या संदर्भसूच्यांत हमखास ‘एम. दलानोए’ असे छापले जाते. बाईंचे नाव यूजेनी. त्या स्वतः डॉक्टर होत्या आणि पुढे मोरोक्कोतल्या माझागान इथे त्यांनी वैद्यकी केली. ‘मादाम’चा म कुणीतरी आद्याक्षर समजून उचलला आणि पुढच्यांनी मूळ अंक न उघडताच तो उतरवून घेतला असावा. हे प्रकरण बारीक आहे, पण या बुरशीच्या कागदपत्रांत अशा उतरवून घेतलेल्या गोष्टी पुष्कळ आढळतात.

कोष पहिल्यांदा पाहिले ते ब्राझीलच्या कार्लोस शागस यांनी. 1909 मध्ये त्यांनी माणसाला बाधणाऱ्या नव्या ट्रिपॅनोसोमाची हकीकत लिहिली; त्याने होणारी व्याधी आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. त्या लेखातल्या चित्रांत गिनीपिगच्या फुप्फुसातले हे कोषही आहेत, मात्र शागस यांनी ते ट्रिपॅनोसोमाच्याच खाती जमा केले. पुढच्याच वर्षी साओ पाउलोच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये आंतोनियो कारिनी यांनी दुसऱ्या जातीच्या ट्रिपॅनोसोमाची बाधा झालेल्या उंदरांत हेच कोष पाहिले आणि त्यांच्या काचपट्ट्या पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या लाव्हराँकडे धाडल्या. दलानोएंचे काम तिथून सुरू झाले. म्हणजे पाहिले शागसनी, नमुने पाठवले कारिनींनी, ओळखले दलानोएंनी आणि नाव लागले कारिनींचे. वेगळा जीव म्हटले तरी वर्ग मात्र जुनाच राहिला. ट्रिपॅनोसोमाच्या शोधात सापडला म्हणून तो आदिजीवांतच गणला गेला. या वर्गवारीच्या बाजूने त्या काळच्या लेखांत याहून भक्कम पुरावा मिळत नाही.

माणसाकडे वळणारा पहिला भरवशाचा कागद 1942 चा आहे. व्हान डेर मेर आणि ब्रुग या दोन डच संशोधकांनी तीन रुग्णांच्या फुप्फुसांत न्यूमोसिस्टिस दाखवला. त्यांतली दोन तान्ही बाळे होती आणि एक एकवीस वर्षांचा तरुण. लेख फ्रेंचमध्ये, बेल्जियमच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेच्या नियतकालिकात. साल पाहिले की तो फारसा वाचला का गेला नाही याचा अंदाज येतो. हॉलंड आणि बेल्जियम दोन्ही तेव्हा जर्मन ताब्यात होते.

युद्धानंतर मध्य युरोपात अपुऱ्या दिवसांची आणि अशक्त बाळे एका विचित्र न्यूमोनियाने दगावू लागली. 1951 मध्ये योसेफ व्हानेक यांनी चेक भाषेतल्या वैद्यकीय नियतकालिकात एकट्याच्या नावावर लेख लिहून त्यामागे न्यूमोसिस्टिस असल्याचे सांगितले. 1952 मध्ये ओट्टो यीरोवेत्स यांच्यासह त्यांचा जर्मन लेख आला आणि जगाने दखल घेतली ती त्याची. दोन्ही लेखांत व्हानेक यांचे नाव आहे. यीरोवेत्स दुसऱ्यात आहेत, आणि तिथेही दुसरे.

तरीही 1976 मध्ये अमेरिकेतल्या फ्रेंकेल यांनी माणसातल्या न्यूमोसिस्टिसला स्वतंत्र जात मानावे असे सुचवताना नाव निवडले ते यीरोवेत्स यांचे. प्राग विद्यापीठातले नामवंत परजीवीशास्त्रज्ञ म्हणून यीरोवेत्स सर्वांना ठाऊक होते. नामवंतपणाचा तोल असा पडतोच, पण कागद समोर ठेवले तर व्हानेक यांच्यावर अन्याय झाला असे मला वाटते. अर्थात तेव्हा ही सूचना कुणी मनावर घेतली नाही. उंदरातला आणि माणसातला कोष सूक्ष्मदर्शकाखाली सारखाच दिसत होता, आणि फ्रेंकेल यांचा आधार मुख्यतः प्रतिपिंडांच्या चाचण्यांमधल्या फरकावर होता.

आदिजीव हा शिक्का पक्का होण्याला औषधांचाही हातभार लागला. 1958 मध्ये हंगेरीत बाळांना पेंटामिडिन देऊन गुण आला, आणि पेंटामिडिन तर आफ्रिकेतल्या निद्रारोगाचे, म्हणजे ट्रिपॅनोसोमाचेच औषध. बुरशीवरचे हुकमी औषध अँफोटेरिसिन इथे निष्प्रभ ठरे. बहुतेक बुरशींच्या पेशीपटलात अर्गोस्टेरॉल असते आणि अँफोटेरिसिन त्यालाच धरते. न्यूमोसिस्टिस ते बनवत नाही, यजमानाच्या कोलेस्टेरॉलवर भागवते. हे कळायला वेळ लागला.

या शिक्क्याचा एक अनपेक्षित उपयोग मात्र झाला. पेंटामिडिनला अमेरिकेत परवाना नसल्याने ते अटलांटाच्या रोगनियंत्रण केंद्राच्या परजीवी-औषध विभागातूनच मिळे. 1981 च्या सुरुवातीला तिथल्या औषध-तंत्रज्ञ सँड्रा फोर्ड यांच्या लक्षात आले की मागणी वाढते आहे, आणि ज्यांची प्रतिकारशक्ती ढासळण्याचे ठाऊक कारण नाही अशा तरुण पुरुषांसाठी ती येते आहे. 5 जून 1981 च्या केंद्राच्या साप्ताहिकात लॉस एंजेलिसच्या पाच तरुणांची हकीकत छापून आली. पाचही जणांना न्यूमोसिस्टिस न्यूमोनिया, दोघे तोवर मरण पावलेले. एड्सच्या इतिहासातला हा पहिला छापील कागद. मथळ्यात त्या नव्या रोगाचे नाव नाही, कारण नावच नव्हते; आहे ते न्यूमोसिस्टिसचे.

मग पैसा आला, माणसे आली. 1970 मध्येच व्हाव्रा आणि कुचेरा यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातल्या रचनेवरून ही बुरशी असावी असे सुचवले होते, पण वाद मिटला 1988 मध्ये. जेफ्री एडमन आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये न्यूमोसिस्टिसच्या रायबोसोमल आरएनएचा क्रम प्रसिद्ध केला. तो बुरशींच्या क्रमांशी जुळत होता, आदिजीवांशी नाही. दुसरा पुरावा मला जास्त देखणा वाटतो. आदिजीवांत डीएचएफआर आणि थायमिडिलेट सिंथेज ही दोन विकरे एकाच प्रथिनात जोडलेली असतात, बुरशींत सुटी. न्यूमोसिस्टिसमध्ये ती सुटी निघाली. आज तिची जागा टॅफ्रिनोमायकोटिना या शाखेत आहे, प्रयोगशाळांना परिचित असलेल्या शायझोसॅकरोमायसीस या यीस्टच्या दूरच्या भाऊबंदांत.

आणखी क्रम वाचले गेले तेव्हा फ्रेंकेल यांचे म्हणणेही खरे ठरले. उंदरातली आणि माणसातली बुरशी जनुकांनी इतकी दूर होती की एका नावाखाली ठेवणे अवघड झाले, आणि एका प्राण्यातली बुरशी दुसऱ्यात रुजत नाही हे प्रयोगांत दिसले होते. 1994 मध्ये ‘कारिनी’ कायम ठेवून पुढे यजमानाचा उल्लेख करायचा, अशी तडजोड झाली. 2002 मध्ये स्ट्रिंगर, बियर्ड, मिलर आणि वेकफील्ड यांनी ती मोडून माणसातल्या जातीसाठी फ्रेंकेल यांचे नाव पुढे आणले. नाव अमेरिकी जिभेला वळेना म्हणून लेखात उच्चारही दिला: यी-रो-वेट्-झी.

यावर वॉल्टर ह्यूज चिडले. मुलांमध्ये या न्यूमोनियाला रोखण्यासाठी कोट्रायमोक्साझोल देता येते हे 1977 मध्ये दाखवणारे तेच. माणसातला न्यूमोसिस्टिस आधी डचांनी दाखवला, यीरोवेत्स यांनी नव्हे, मग त्यांचे नाव कशाला, असा त्यांचा आक्षेप. इतिहास म्हणून ह्यूज बरोबर होते, नामकरणाच्या नियमांत मात्र त्याला वजन नाही. नाव शोधकर्त्याचेच असावे असे कोणताही संकेत सांगत नाही. डॉक्टरांच्या तोंडी बसलेले ‘पीसीपी’ हे लघुरूप मात्र वाचवले गेले. त्यातला सी पूर्वी कारिनीचा होता, आता तो न्यूमोसिस्टिस या शब्दातलाच धरतात.

शेपटाचा प्रश्न उरलाच. प्राण्यांच्या संकेताप्रमाणे नावाच्या शेवटी एक आय, वनस्पती आणि बुरशींच्या संकेताप्रमाणे दोन. 2005 च्या व्हिएन्नातल्या वनस्पतिशास्त्र परिषदेत नियम बदलला आणि आधी आदिजीव म्हणून दिलेली नावे बुरशींसाठीही ग्राह्य झाली. त्यामुळे फ्रेंकेल यांचे 1976 सालच कायम राहिले आणि 2006 च्या एका लेखाने दोन आय पक्के केले. 2002 ते 2006 मधले लेख शोधताना दोन्ही रूपे टाकावी लागतात, नाहीतर निम्मे हाती येत नाहीत.

वेगळेपण यजमानागणिक थांबत नाही. उंदरातच आणखी एक जात निघाली, 2004 मध्ये तिला ॲन वेकफील्ड यांचे नाव मिळाले. माणसाच्या बुरशीचा जनुकसंच 2012 मध्ये लोझानच्या गटाने एका रुग्णाच्या फुप्फुस-धुवणातून जुळवला. तोच मार्ग होता, कारण ही बुरशी प्रयोगशाळेत टिकवून वाढवता येत नाही. संच छोटा, सुमारे 80 लाख अक्षरांचा, पण त्यात पृष्ठभागावरच्या एका ग्लायकोप्रथिनाची जनुके शंभराहून जास्त. ती गुणसूत्रांच्या टोकांशी बसतात आणि एका पेशीत एका वेळी बहुधा एकच बोलते. जनुकांची अदलाबदल होत राहते, म्हणून एकाच रुग्णात वेगवेगळे पोशाख घातलेल्या पेशी भेटतात. शिवाय एका माणसात दोन-तीन वाणांची मिश्र बाधा सर्रास आढळते. मूत्रपिंड-प्रत्यारोपणाच्या वॉर्डांत मात्र अनेक रुग्णांत एकच वाण सापडला, आणि ही बुरशी माणसाकडून माणसाकडे जाते हे मानावे लागले.

कोट्रायमोक्साझोलमधला सल्फा ज्या विकरावर काम करतो, त्याच्या जनुकात 55 आणि 57 या जागी बदल आढळतात. संवर्धन होत नसल्याने औषध थेट तपासता येत नाही, म्हणून या दोन जागाच वाचल्या जातात. बदल असलेल्या रुग्णांत उपचार हमखास फसतो का, यावर अभ्यासांचे एकमत नाही. जगभरच्या दवाखान्यांत आणि आपल्याकडच्या एचआयव्ही-उपचाराच्या एआरटी केंद्रांतही प्रतिबंधासाठी दिली जाते ती हीच स्वस्त गोळी.