आवाज काळा, मालक गोरा : सोल संगीताचा कान घडवणारे रेडिओवरचे डीजे

'डीजे' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जयंतीच्या मिरवणुकीत ट्रकवर रचलेली स्पीकरची भिंत येते. मी ज्यांच्याबद्दल लिहितोय ते डीजे वेगळे. अमेरिकेत रेडिओ केंद्राच्या छोट्याशा खोलीत बसून तबकड्या लावणारा आणि दोन गाण्यांच्या मध्ये श्रोत्यांशी बोलणारा माणूस म्हणजे डिस्क जॉकी. तोच मूळचा डीजे.

सोल संगीत ऐकणाऱ्या आपल्या पोरांना सॅम कुक, ओटिस रेडिंग, अरेथा फ्रँकलिन, जेम्स ब्राऊन ही नावं माहीत असतात. पण हे गाणं श्रोत्यांच्या कानापर्यंत आणलं कोणी? 1950 च्या दशकात टेनेसीतल्या किंवा अलाबामातल्या खेड्यात कापूस वेचणाऱ्याच्या पोराला नवी तबकडी आली हे कळायचं कुठून? गोऱ्यांच्या वर्तमानपत्रात त्याच्या गाण्याची दखल नव्हती आणि गोऱ्यांच्या थिएटरात त्याला वरच्या सज्ज्यात बसावं लागायचं. त्याच्याकडे एकच साधन होतं, रेडिओ. कोणतं गाणं लावायचं, कितीदा लावायचं, गायकाबद्दल काय सांगायचं, हे डीजे ठरवायचा. चर्चमधलं गॉस्पेल आणि दारूच्या अड्ड्यावरचं ब्लूज एकाच दिवशी, एकाच केंद्रावर ऐकून ज्यांचा कान तयार झाला, त्याच पिढीने पुढे सोल गायलं आणि त्याच पिढीने ते डोक्यावर घेतलं. म्हणून सोलचा इतिहास फक्त गायकांच्या नावांनी लिहिणं मला अर्धवट वाटतं.

या कथेत एक नाव असं आहे की ते वाचल्यावर बाकी सगळं समजायला सोपं जातं. व्हर्नन विन्स्लो. न्यू ऑर्लीन्समधल्या डिलार्ड विद्यापीठात कला शिकवणारा हा कृष्णवर्णीय प्राध्यापक. शहरात काळ्या श्रोत्यांची संख्या मोठी होती, पण रेडिओवर एकही काळा डीजे नव्हता. 1940 च्या दशकाच्या उत्तरार्धात विन्स्लो डब्ल्यूजेएमआर या केंद्रावर नोकरी मागायला गेला. त्याचा रंग उजळ होता आणि बोलणं सुशिक्षित. मुलाखत बरी चालली होती. मग व्यवस्थापकाला शंका आली आणि त्याने वंश विचारला. विन्स्लोने खरं सांगितलं. झालं, माईक मिळणार नाही हे पक्कं झालं.

पण व्यवस्थापक चतुर होता. त्याला काळ्या श्रोत्यांचा पैसा हवा होता, काळा माणूस नको होता. त्याने विन्स्लोला दुसरंच काम दिलं. 'पॉपा स्टॉपा' नावाचं एक पात्र उभं करायचं, त्याच्यासाठी काळ्या वस्तीच्या बोलीत संहिता लिहायची आणि गोऱ्या निवेदकाला ती बोली शिकवायची. शब्द विन्स्लोचे, लकब विन्स्लोची, गाण्यांची जाण विन्स्लोची, आणि माईकसमोर गोरा. कार्यक्रम तुफान चालला. एक दिवस गोरा निवेदक जागेवर नसताना विन्स्लोने स्वतः लिहिलेली संहिता स्वतःच वाचली. त्याला नोकरीवरून काढून टाकलं. 'पॉपा स्टॉपा' हे नाव मात्र केंद्राने ठेवून घेतलं आणि पुढे गोऱ्या निवेदकांकडून वापरलं.

नंतर 1949 मध्ये जॅक्स बिअर बनवणाऱ्या कंपनीने काळ्या गिऱ्हाइकांसाठी विन्स्लोला दुसऱ्या केंद्रावर कार्यक्रम दिला. 'डॉक्टर डॅडी-ओ' या नावाने तो शहरातला पहिला काळा डीजे झाला. केंद्र होतं एका हॉटेलात. तिथे वर जायला त्याला सामानाची लिफ्ट वापरावी लागायची. ज्याचा आवाज हजारो घरांत थेट शिरत होता, त्याला दारातून आत जायची मुभा नव्हती. आपल्या वाचकांना यातला अर्थ फोड करून सांगायची गरज नाही. शेवटी त्याचा कार्यक्रम कोझिमो मटासाच्या ध्वनिमुद्रण स्टुडिओतून होऊ लागला. त्या स्टुडिओत फॅट्स डॉमिनो आणि लिटल रिचर्ड यांची गाणी मुद्रित झाली.

आता त्याच काळात नॅशव्हिलच्या डब्ल्यूएलएसी या केंद्रावर काय चाललं होतं ते बघा. 50,000 वॅटचं केंद्र, रात्री देशाच्या मोठ्या भागात ऐकू जाणारं. तिथे जीन नोबल्स, जॉन रिचबर्ग म्हणजे 'जॉन आर.', हॉस ॲलन हे गोरे डीजे रात्रभर काळ्यांचं संगीत लावायचे. त्यांचं बोलणं असं की असंख्य श्रोते त्यांना काळेच समजायचे. नोबल्सने ही गाणी लावायला सुरुवात केली ती स्थानिक काळ्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या फर्माईशीवरून. जॉन आर. चं संगीतावरचं प्रेम खोटं होतं असं मी म्हणत नाही. त्याने अनेक काळ्या गायकांना उभं केलं आणि दक्षिणेतल्या गोऱ्या पोरांनी आईबापांच्या नकळत सोल ऐकलं, त्यात या केंद्राचा मोठा वाटा आहे. पण गोरा माणूस काळ्याच्या आवाजात बोलला तर त्याला कीर्ती आणि काळा माणूस स्वतःच्या आवाजात बोलला तर त्याला बडतर्फी, हा हिशेब कसा लावायचा? प्रेम होतं म्हणून तो हिशेब माफ होत नाही.

मेम्फिसची गोष्ट थोडी निराळी. डब्ल्यूडीआयए हे केंद्र 1947 मध्ये दोन गोऱ्या मालकांनी सुरू केलं आणि ते चालेना. मग त्यांनी नाइलाजाने काळ्या श्रोत्यांकडे मोर्चा वळवला. लक्षात घ्या, हे समतेच्या प्रेमातून घडलेलं नाही, धंदा बुडत होता म्हणून घडलं. 25 ऑक्टोबर 1948 ला नॅट डी. विल्यम्स माईकसमोर बसला. तो बुकर टी. वॉशिंग्टन हायस्कूलमध्ये इतिहास शिकवायचा आणि वर्तमानपत्रात सदर लिहायचा. पहिल्याच दिवशी माईक सुरू झाला आणि त्याला बोलायचं काय तेच आठवेना. तो मोठ्याने हसला. ते हसू पुढे त्याची ओळख बनलं. दुसरीकडे बॉम्बने उडवून देण्याच्या धमक्या आल्या. मालक मात्र डगमगले नाहीत, कारण जाहिराती वाढत होत्या, आणि थोड्याच काळात केंद्राचे सगळे कार्यक्रम काळ्या श्रोत्यांसाठी झाले.

दिवसा शाळेत इतिहास शिकवणारा मास्तर संध्याकाळी रेडिओवर तबकड्या लावतो, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. विल्यम्ससाठी दोन्ही एकच काम होतं. त्याच्या शाळेतला विद्यार्थी रुफस थॉमस पुढे त्याच केंद्रावर डीजे झाला. दिवसा कापड गिरणीत काम आणि नंतर रेडिओ. बी. बी. किंगही आधी याच केंद्रावर डीजे होता, 'बी. बी.' हे नाव त्याला तिथेच चिकटलं. 1954 मध्ये केंद्राची ताकद 50,000 वॅट झाली आणि अमेरिकेतल्या काळ्या लोकसंख्येचा जवळपास दहावा हिस्सा त्याच्या टप्प्यात आला, असं मानलं जातं. हरवलेलं पोर, सापडलेलं पाकीट, मयताची वर्गणी, सगळं या केंद्रावरून जाहीर व्हायचं. 1960 मध्ये रुफस थॉमस आणि त्याची मुलगी कार्ला यांनी मिळून गायलेल्या गाण्याने मेम्फिसमधल्या एका छोट्या कंपनीला पहिलं मोठं यश दिलं. तीच कंपनी पुढे स्टॅक्स झाली. 1965 मध्ये स्टॅक्समध्ये दाखल होऊन नंतर तिचा कारभार हाती घेणारा अल बेल हाही मुळात डीजेच. म्हणजे सोलचा कान घडवणारे आणि सोल बनवणारे हे दोन वेगळे लोक नव्हतेच.

बायकाही होत्या. मार्था जीन स्टाइनबर्ग, 'द क्वीन' या नावाने ओळखली जाणारी, याच मेम्फिसच्या केंद्रावरून 1960 च्या दशकात डेट्रॉइटला गेली. तिच्याकडे पुन्हा येतो.

बर्मिंगहॅम, अलाबामा. मे 1963. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या आंदोलनात मोठी माणसं तुरुंगात जायला कचरत होती, कारण नोकरी जायची भीती होती. तेव्हा शाळेतल्या मुलांना रस्त्यावर उतरवायचं ठरलं. पण मुलांना सांगायचं कसं? पोलीस प्रत्येक सभेवर नजर ठेवून होते. शेली स्टुअर्ट आणि 'टॉल पॉल' व्हाइट हे दोघे काळे डीजे पोरांचे लाडके. त्यांनी माईकवरून सांगितलं की उद्यानात मोठी पार्टी आहे, येताना दात घासायचा ब्रश आणा. गोऱ्या माणसाला वाटलं पोरांचा काहीतरी खेळ आहे. पोरांना कळलं की रात्री तुरुंगात झोपायचंय. 2 मे रोजी हजाराहून जास्त मुलं शाळा सोडून निघाली आणि त्यातली शेकडो पकडली गेली. दुसऱ्या दिवशी त्यांच्यावर पाण्याचे फवारे मारले गेले, कुत्री सोडली गेली आणि ती चित्रं जगभर गेली. त्या चित्रांचा इतिहास शिकवला जातो, त्याआधीच्या रेडिओचा सहसा कुणी शिकवत नाही. गोऱ्या मालकाच्या केंद्रावर, गोऱ्या मालकाच्या डोळ्यांदेखत, त्याला न कळणाऱ्या भाषेत लढ्याची हाक दिली गेली. ज्या बोलीची नक्कल करून न्यू ऑर्लीन्सच्या व्यवस्थापकाने पैसा कमावला, तीच बोली इथे हत्यार झाली.

फिलाडेल्फियात जॉर्जी वुड्सने अपटाऊन थिएटरमध्ये सोलचे जलसे भरवले, चळवळीसाठी पैसा उभा केला आणि 1963 च्या वॉशिंग्टन मोर्चासाठी लोकांना न्यायला बसगाड्यांची सोय केली. रेडिओवर गाणं लावणारा माणूस लोकांना तिकीट काढून नाचायला बोलावतो आणि त्याच ओळखीवर मोर्चाला नेतो, हे संघटनकौशल्य आपल्या कार्यकर्त्यांनी जरूर अभ्यासावं.

लॉस एंजेलिसचा मॅग्निफिसंट मॉन्टेग हा या सगळ्यांत विलक्षण माणूस. एखादी तबकडी पेटली की तो ओरडायचा, 'बर्न, बेबी, बर्न!' अर्थ एवढाच की गाणं भन्नाट आहे. ऑगस्ट 1965 मध्ये वॉट्स वस्तीत पोलिसी अत्याचाराविरुद्ध उठाव झाला, 34 माणसं मेली, आणि जळणाऱ्या रस्त्यांवर लोक हेच शब्द ओरडू लागले. सगळं खापर मॉन्टेगवर फुटलं. वस्तीत वर्षानुवर्षं बेकारी का होती, पोलीस तिथे कसे वागत होते, हे विचारण्यापेक्षा डीजेची घोषणा बंद करणं सोपं होतं. त्याच्यावर दबाव आला आणि त्याने घोषणा बदलली, 'हॅव मर्सी, बेबी!' म्हणू लागला. लोकांना हाच मॉन्टेग आठवतो. तो काळ्यांच्या इतिहासाची पुस्तकं, पत्रं, चित्रं आयुष्यभर जमवत होता आणि त्याचा संग्रह हजारो वस्तूंचा होता, हे फारसं कुणाला माहीत नसतं. आग लावणारा म्हणून ज्याच्यावर ठपका आला, तो घरी इतिहास जपत होता.

1967 मध्ये डेट्रॉइट पेटलं तेव्हा मार्था जीन सुमारे 48 तास माईकवर राहून लोकांना घरी जायला सांगत होती. 4 एप्रिल 1968 ला किंग यांची हत्या झाली, तेव्हा शहराशहरांत काळ्या डीजेंनी हेच केलं. वॉशिंग्टनमध्ये तुरुंगातून सुटून रेडिओवर आलेला पीटी ग्रीन लोकांना समजावत होता. महापौर, पोलीसप्रमुख जे करू शकत नव्हते ते या लोकांनी केलं. काही जण याला 'शांत करण्याचं काम' म्हणून हिणवतात. मला ती टीका पटत नाही. ज्या वस्त्या जळत होत्या त्या त्यांच्याच होत्या आणि गोळ्या खाणारी पोरंही त्यांचीच.

त्याच्या आदल्या वर्षी, ऑगस्ट 1967 मध्ये, अटलांटात काळ्या निवेदकांच्या संघटनेच्या मेळाव्यात किंग स्वतः बोलले होते. त्यांनी टॉल पॉल व्हाइट आणि जॉर्जी वुड्स यांची नावं घेऊन ऋण मान्य केलं. काळ्या वस्तीत रेडिओ हेच लोकांचं मुख्य माध्यम आहे, आणि गोरी-काळी मुलं एकाच गाण्यावर नाचू लागली यात तुमचा हात आहे, असा त्यांचा आशय होता. दलित पँथरमुळे ब्लॅक पँथर आपल्याकडे घरोघरी पोहोचले. हे भाषण मात्र आपल्या अभ्यासवर्गात मी कधी ऐकलेलं नाही.

आणि मालकीचं काय? 1949 मध्ये अटलांटात जेसी ब्लेटन या काळ्या हिशेबतपासनिसाने डब्ल्यूईआरडी हे केंद्र विकत घेतलं. अमेरिकेतलं काळ्या मालकीचं हे पहिलं रेडिओ केंद्र. पुढे त्याच इमारतीत किंग यांच्या संघटनेचं कार्यालय आलं. किंग यांना काही सांगायचं असेल तर ते झाडूच्या दांड्याने छत ठोकायचे आणि वरून डीजे जॅक गिब्सन खिडकीतून माईक खाली सोडायचा, अशी आठवण सांगितली जाते. परवानगी मागायला वर कुणी गोरा नव्हता. पण असं केंद्र म्हणजे अपवाद. सोलच्या भरभराटीच्या काळातही काळ्या श्रोत्यांची बहुतेक केंद्रं गोऱ्यांचीच होती. 1959-60 च्या लाचखोरीच्या चौकश्यांनंतर गाणी निवडायचा हक्कही डीजेच्या हातून कार्यक्रम संचालकाकडे सरकत गेला. ब्लेटनने आपलं केंद्र 1968 मध्ये विकलं. त्याच सुमारास जेम्स ब्राऊन रेडिओ केंद्रं विकत घेऊ लागला. त्यातलं एक ऑगस्टा गावचं डब्ल्यूआरडीडब्ल्यू. लहानपणी तो त्याच्या पायऱ्यांवर बूट पॉलिश करायचा. आणि बर्मिंगहॅमच्या मुलांना दात घासायचा ब्रश आणायला सांगणाऱ्या शेली स्टुअर्टने 1970 च्या दशकात एका सहकाऱ्यासोबत त्याच शहरात स्वतःचं केंद्र घेतलं.