बोटावरच्या थेंबाची तपासणी

मधुमेही व्यक्तीच्या लघवीला मुंग्या लागतात हे निरीक्षण आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांतही आढळते. परंतु शरीरातील साखर रुग्णाने घरीच मोजावी, ही कल्पना विसाव्या शतकात रुजली. आरंभी मोजली जाई ती लघवीतील साखर. बेनेडिक्टच्या द्रावणात, म्हणजे तांब्याच्या क्षाराच्या निळ्या द्रावणात, लघवीचे काही थेंब टाकून ते उकळले की साखरेच्या प्रमाणानुसार रंग हिरवा, पिवळा, नारिंगी आणि अखेर विटकरी होत असे. 1941 मध्ये अमेरिकेतील एम्स कंपनीने क्लिनिटेस्टची गोळी आणली आणि स्पिरिटच्या दिव्याची गरज संपली. पण या पद्धतीची मुख्य उणीव दिव्यात नव्हतीच. रक्तातील साखर साधारणतः 180 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेल्याखेरीज ती लघवीत उतरत नाही, आणि उतरली तरी तिच्यावरून काही तासांपूर्वीची स्थिती कळते. साखर धोकादायकरीत्या घसरली असेल, तर लघवी त्याविषयी काहीच सांगत नाही.

1965 मध्ये एम्सनेच डेक्स्ट्रोस्टिक्स ही रक्तासाठीची पट्टी बाजारात आणली. पट्टीच्या टोकाला ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर, म्हणजे विशिष्ट रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, लावलेले असे. तिच्यावर रक्ताचा चांगला टपोरा थेंब ठेवायचा, बरोबर साठ सेकंद मोजायचे, पाण्याच्या धारेने रक्त धुऊन टाकायचे आणि उमटलेला निळा रंग बाटलीवरील रंगपट्टीशी ताडून पाहायचा, अशी ही रीत होती. घड्याळ, पाण्याची धार आणि डोळा या तिन्ही ठिकाणी चुकीला वाव होता. त्यांपैकी डोळ्याचे काम अंतोन क्लेमेन्स यांनी घडवलेल्या आणि 1970 च्या सुमारास आलेल्या परावर्तन-मापकाने स्वतःकडे घेतले. पट्टीवरून परतणारा प्रकाश मोजून काट्याने आकडा दाखवणारे हे किलोभराहून जड यंत्र डॉक्टरांसाठी आणि रुग्णालयांसाठी होते. लहानपणापासून मधुमेह असलेले अभियंता रिचर्ड बर्नस्टाइन यांना ते डॉक्टर पत्नीच्या नावाने मागवावे लागले. घरच्या तपासणीविषयीचे त्यांचे लेखन वैद्यकीय नियतकालिकांनी नाकारले, तेव्हा त्यांनी मध्यम वयात वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला. रुग्णाच्या हाती मोजमाप देण्याविषयी वैद्यकजगताला किती संकोच होता, याचा याहून बोलका दाखला सापडणे कठीण आहे. 1978 मध्ये ब्रिटिश डॉक्टरांच्या दोन गटांनी ‘द लॅन्सेट’मध्ये घरच्या तपासणीचे अनुकूल अनुभव मांडल्यानंतर मात्र हवा पालटली. पुढे 1987 मध्ये रंगाऐवजी विद्युतप्रवाह मोजणारे पेनाच्या आकाराचे एक्झाकटेक आले आणि धुणे-पुसणे इतिहासजमा झाले.

रुग्णाच्या हातून होणाऱ्या चुका अशा रीतीने यंत्राने एकेक करून काढून घेतल्या, तरी नव्या चुकांना त्याने वाट करून दिली, आणि आज माहितीपत्रकात रूक्षपणे छापलेल्या सूचना बहुतांशी त्यांतूनच आलेल्या आहेत. बोट टोचण्यासाठी स्प्रिंगचे उपकरण आले, तेव्हा सुई बदलली की पुरे, असा समज होता. परंतु 1990 मध्ये कॅलिफोर्नियातील एका रुग्णालयात अशाच उपकरणामार्फत हिपॅटायटिस बी पसरल्याचे नोंदले गेले, कारण सुई बदलली तरी बोटाला टेकणाऱ्या भागावर रक्ताचा अंश राहू शकतो. टोचण्याचे उपकरण घरातल्या घरातही दोघांनी वापरू नये, हा दंडक याच कारणासाठी आहे. काही पट्ट्यांतील विकराला ग्लुकोज आणि माल्टोज यांतला भेद कळत नसे. पोटातून डायलिसिस घेणाऱ्या काही रुग्णांच्या द्रावणामुळे रक्तात माल्टोज येते, त्यामुळे यंत्र फुगलेला आकडा दाखवी आणि त्यावर विसंबून दिलेले इन्सुलिन घातक ठरे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2009 मध्ये याविषयी इशारा दिला, तोवर अशा 13 मृत्यूंची नोंद झाली होती.

हात धुण्याच्या सूचनेला मात्र अनेकजण आजही केवळ शिष्टाचार समजतात. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जपानी अभ्यासात निरोगी व्यक्तींनी फळे सोलल्यानंतर बोटाच्या टोकाचे रक्त तपासले, तेव्हा आकडे प्रत्यक्षाहून कितीतरी जास्त आले, आणि स्पिरिटच्या बोळ्याने बोट पुसूनही ते उतरले नाहीत. वाहत्या पाण्याखाली हात धुतल्यावर मात्र ते ताळ्यावर आले. पट्टीला आता इतके कमी रक्त लागते की बोटावर राहिलेला फळाच्या रसाचा अंशही त्यात सहज मिसळतो, आणि आंब्याच्या दिवसांत ज्या घरात आकडे एकाएकी चढतात, तेथे औषधाची मात्रा वाढवण्याआधी हात धुऊन, कोरडे करून पुन्हा तपासणेच शहाणपणाचे असते.