नहर, नाला आणि नाथसागर

मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी खडकीसाठी नहर बांधली. ती जमिनीखालून जाते, पण तिला जागोजागी वर उघडणारी तोंडे आहेत. नहरींच्या मागे हिंडू लागलो तेव्हा ती केवळ हवेसाठी असावीत, असे मला वाटे. पुढे उमगले, की त्यांतून उतरून नहर तपासता येते, गाळ उपसता येतो. पाण्याची वाट नजरेआड होऊ द्यायची नाही, हा त्यामागचा विचार.

आज शहर नाथसागराचे पाणी पिते. जायकवाडीची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींनी केली. १९७६मध्ये धरणाचे लोकार्पण झाले. ऐंशीच्या दशकात वाळूजची औद्योगिक वसाहत वाढली. तिच्या जवळून वाहणारी खाम पुढे नाथसागरालाच मिळते. रसायनाचा टँकर नाल्याकाठी उलटला, तर ते आपल्याच पिण्याच्या पाण्याची वाट धरते.

समुद्रातल्या तेलगळतीसाठी तटरक्षक दल आहे. नदीनाल्यांची जबाबदारी जिल्ह्यावर येते. भोपाळनंतर १९८९ आणि १९९६ साली नियम झाले. त्यांतून आपत्कालीन आराखडे आणि जिल्हा संकट गट आले. पण भोपाळचे विष वाऱ्यावर पसरले होते. म्हणून अजूनही ‘वारा कुठला?’ हे आपल्याला आधी सुचते, ‘उतार कुठला?’ हे मागाहून.

उताराचा धडा १ नोव्हेंबर १९८६ रोजी स्वित्झर्लंडमधील बाझेलजवळ मिळाला. रसायनांच्या गोदामाची आग विझली, पण विझवायला मारलेले पाणीच कीटकनाशके घेऊन ऱ्हाईन नदीत उतरले. मासे मेले, खालच्या गावांना नदीतून पाणी उचलणे थांबवावे लागले. त्यानंतर असे पाणी साठवणाऱ्या टाक्यांचे महत्त्व पटले.

आपल्याकडची तयारी फार खर्चाची नाही. तेल तरंगते, नाल्यात मातीचा बांध घालून तळाशी पाइप ठेवला, तर खालून पाणी जाते आणि तेल मागे राहते. पाण्यात विरघळणारे रसायन असे अडत नाही. त्यासाठी नाल्याचे तोंडच बंद करावे लागते. बांध कुठे घालायचा, वाळूची पोती कुठे ठेवलीत, पैठणच्या पंपघराला फोन कोणी करायचा, हे आधी ठरलेले हवे. पावसाळ्यात खाम फुगते, तेव्हा विचाराला वेळ उरत नाही.

नहरीची तोंडे संकट आल्यावर खोदलेली नव्हती.