शालेय शिक्षा आणि कठोर शिस्त
विद्यार्थ्याच्या चुकीबद्दल त्याला शारीरिक वेदना देणे, अपमानित करणे वा शाळेतून काढून टाकणे. छडी, उठाबशा, कोंबडा करणे, अंगठे धरून उभे करणे हे महाराष्ट्रातील शाळांत पिढ्यान् पिढ्या रुळलेले प्रकार. पालकांचीच संमती असल्याने त्यांविरुद्ध तक्रार क्वचितच होई. दिल्ली उच्च न्यायालयाने २००० मध्ये शारीरिक शिक्षेची तरतूद घटनाबाह्य ठरवली. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळही निषिद्ध आहे. तो करणारा शिक्षक शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र ठरतो. कलम १६ प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत मुलाला काढून टाकण्यास मनाई करते. त्यामुळे पहिल्याच गैरवर्तनाला ‘दाखला घेऊन जा’ असे बजावणारी शाळा कायदाच मोडते.

निवासी शाळांत हा प्रश्न अधिक गंभीर आहे. नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतील अनेक आदिवासी मुले घरापासून दूर आश्रमशाळांत राहतात. शिक्षा करणारा आणि तक्रार ऐकणारा तिथे बहुधा एकच असतो, आणि आईवडील सुटीतच भेटतात. अशा मुलांसाठी शाळेबाहेरची, त्यांच्या बोलीत ऐकून घेणारी तक्रार यंत्रणा अत्यावश्यक ठरते. राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडेही दाद मागता येते.